जुन्नरची पंगत

कुठल्याही देवळात गेलं की माझं लक्ष आधी पंख्यांकडे जातं. देवदर्शन नंतर. पंख्याच्या पात्यांवर लाल ऑइलपेंटने 'कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ' असं लिहिलेलं असतं आणि पंखा सुरू झाला की ते नाव गरगरायला लागतं. पाण्याच्या टाकीवर एक नाव, बाकावर दुसरं, भक्तनिवासाच्या खोलीवर तिसरं. लोक हसतात या प्रकाराला. मी मात्र आवडीने वाचतो. कोणी दिलं, काय दिलं, कुठून येऊन दिलं... दोन ओळींत अख्खा माणूस कळतो कधी कधी.

आता गंमत बघा. आपल्याकडची ही देणगीच्या पाटीची पद्धत किमान दोन हजार वर्षं जुनी आहे. आणि तशा पाट्या ढिगाने वाचायच्या असतील तर फार लांब जायला नको. पुण्यापासून ९०-९५ किलोमीटरवर जुन्नर आहे.

जुन्नर म्हटलं की आपल्याला शिवनेरी आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. त्यानंतर आठवतात अष्टविनायकातले दोन गणपती, लेण्याद्रीचा गिरिजात्मज आणि ओझरचा विघ्नेश्वर. पण गावाचं वय या सगळ्याहून कितीतरी जास्त. नावच 'जीर्णनगर' वरून आलं असं म्हणतात, म्हणजे ज्यांनी हे नाव दिलं त्यांनाही हे शहर जुनंपुराणंच वाटत होतं! शहराभोवतीच्या डोंगरांत, म्हणजे शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री आणि तुळजा लेणी मिळून, दीडशेहून जास्त लेणी खोदलेली आहेत. एका गावाच्या आसपास एवढी लेणी दुसरीकडे सापडणं कठीण. बहुतेक सगळी बौद्ध, इसवी सनापूर्वीच्या एकदोन शतकांपासून पुढच्या दोनतीन शतकांतली. आज जो लेण्याद्रीचा गणपती आपण बघतो तोही मुळात भिक्षूंच्या राहण्यासाठी कोरलेल्या विहारातच बसलेला आहे. वीस खोल्या, मधे एकही खांब नसलेलं मोठं दालन. देव बदलले, यात्रेकरू बदलले, पायऱ्या चढून धापा टाकणं तेवढं तसंच राहिलं.

पण आज मला ना किल्ल्याबद्दल लिहायचंय, ना देवांबद्दल. मला जेवणाबद्दल लिहायचंय. (घरचे म्हणतील, यात नवीन ते काय!) जुन्नरचा इतिहास राजांच्या नावांनी सांगतात. तो ताटावरून सांगितला तर कसा दिसेल, एवढंच बघायचंय.

सुरुवात त्या पाट्यांपासूनच करू. शिवनेरीच्या डोंगरातल्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतला एक छोटासा लेख आहे. देणाऱ्याचं नाव चित. तो यवन होता, म्हणजे ग्रीक, किंवा त्या पश्चिमेकडच्या लोकांपैकी कुणीतरी. त्याने संघाला काय दिलं? 'भोजनमटप', म्हणजे भोजनमंडप. जेवणाचा हॉल हो, सरळ मराठीत सांगायचं तर! आणखी एका लेखात इरिल नावाचा दुसरा यवन आहे, त्याने दोन 'पोढी' दिल्यात. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. किल्ले हिंडणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द अजूनही आहे. मानमोडीच्या डोंगरात नहपान या क्षत्रप राजाचा अमात्य अयम याचा लेख आहे, वर्ष ४६ असं त्यात नोंदलंय. त्याचंही दान तेच, पोढी आणि मंडप.

मला हे वाचून फार बरं वाटतं. समुद्रापलीकडच्या मुलखाशी नातं सांगणारा एक माणूस, बहुधा व्यापारी. भाषा वेगळी, देव वेगळे. पैसा मिळाला, काहीतरी पुण्य करावं असं वाटलं. त्याने मूर्ती दिली नाही, सोनं दिलं नाही. लोकांना बसून जेवता येईल अशी जागा दिली. आणि आपलं नाव लिहून ठेवलं ते इथल्या प्राकृतात, इथल्या लिपीत, म्हणजे इथल्या लोकांना वाचता यावं म्हणून. पंख्याच्या पात्यावरच्या नावात आणि यात तसा काय फरक आहे?

तिथे भिक्षू कसे जेवत असतील? वेरूळच्या पाच नंबरच्या लेण्यात दोन लांबलचक बुटके दगडी ओटे आहेत, समोरासमोर. तिथे पंगत बसत असावी असं बरेच जण मानतात. जुन्नरची पंगतही अशीच काहीशी डोळ्यांसमोर आणायला हरकत नाही. भिक्षूंना दुपारनंतर जेवायची परवानगी नसे, म्हणजे पंगत सकाळचीच. खालच्या गावातून भिक्षा आणायची, वर येऊन बसायचं, सूर्य माथ्यावरून ढळायच्या आत संपवायचं.

आणि खालचं गाव म्हणजे काही साधंसुधं गाव नव्हतं. जुन्नरच्या लेखांत श्रेणींची नावं येतात. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांचा संघ. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दान दिली आहे. म्हणजे आजचा भुसार बाजार म्हणा ना! बांबूचं काम करणारे आहेत, कासार आहेत. या श्रेणींकडे पैसे ठेवायचे आणि त्याच्या व्याजातून लेण्याचा खर्च चालवायचा अशी सोय होती. थोडक्यात फिक्स्ड डिपॉझिट! कोणाचिक नावाच्या श्रेणीतला आदुथुम नावाचा एक शक आहे, त्याच्या लेखात करंज आणि वडाच्या झाडांच्या संदर्भात वीस आणि नऊ निवर्तनं जमिनीचा उल्लेख येतो. पाणी, सावली, धान्य आणि बसायला जागा. हे सगळं एकत्र मांडलं तर कुठल्याही यात्रेच्या गावाची आजची यादी तयार होते.

हे सगळं इथेच का झालं? उत्तर पश्चिमेला आहे. जुन्नरच्या पश्चिमेला सह्याद्रीची धार आहे आणि त्या धारेत नाणेघाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातून निघालेला माल घाटाने वर चढायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. घाटाच्या तोंडाशीच सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. यज्ञ केले त्याची आणि दक्षिणेची यादीच आहे त्यात : गाई शेकड्यांनी आणि हजारांनी, घोडे, हत्ती, कार्षापणं. आकडे चक्क अंकांत लिहिलेले. घाटमाथ्यावर तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. फोटो सगळे त्या रांजणाचे काढतात. मला मात्र तिथली पाण्याची टाकी जास्त महत्त्वाची वाटतात. कोकणातून उभा चढ चढून आलेल्या हमालाला आणि बैलाला आधी काय लागत असेल? जकात तर नक्कीच नाही.

दुसरं कारण पाऊस. सह्याद्रीच्या धारेवर चार महिने नुसता कोसळतो. त्या काळात घाट उतरणं चढणं म्हणजे जिवाशी खेळ. जुन्नर अगदी या पावसाच्या कडेला वसलंय. पश्चिमेला भाताची खाचरं, पूर्वेला आणे पठाराकडे जावं तर कोरडा बाजरीचा मुलूख. भिक्षूंचा तीन महिन्यांचा वर्षावास म्हणजे तरी काय? पावसात फिरू नका, एका जागी राहा. पाऊस माणसाला थांबवतो, आणि थांबलेल्या माणसाला रोज दोन वेळा भूक लागते. माझ्या मते जुन्नरची सगळी संस्कृती या एका वाक्यात आहे.

असाच पावसाने अडकवलेला एक पाहुणा जुन्नरला पुढे दीड हजार वर्षांनी आला. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन. साल १४७० च्या आसपास, म्हणजे वास्को द गामा कालिकतला लागायच्या पंचवीसेक वर्षं आधी. तो चौलला उतरला (रेवदंड्याला आता त्याचं स्मारक आहे), घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळ्याचे दोन महिने इथेच राहिला. तेव्हा बहमनी राज्य होतं आणि जुन्नरचा कारभार असदखानाकडे होता. निकितिनने विकायला म्हणून एक घोडा आणला होता, तो खानाने काढून घेतला. धर्म बदल, घोडाही देतो आणि वर हजार सोन्याची नाणी देतो असं सांगितलं, चार दिवसांची मुदत दिली. शेवटी एका खुरासानी खोजाने मध्यस्थी केली आणि निकितिन सुटला, घोडाही परत मिळाला. सिनेमाच आहे सगळा.

पण एवढ्या संकटातसुद्धा गडी काय लिहून ठेवतो? जेवणाचं! रात्रंदिवस पाऊस, जिकडे तिकडे पाणी आणि चिखल, आणि त्याच दिवसांत लोक नांगरतात, गहू, तांदूळ, हरभरा पेरतात असं त्याने नोंदवलंय. (गहू-हरभरा ही खरं तर पावसानंतरची रब्बीची पिकं, पण परक्या माणसाने दोन महिन्यांत एवढं बघितलं हेही खूप झालं.) घोड्यांना हरभरे चारतात आणि साखर-तेल घालून खिचडी शिजवून घालतात हेही त्याने टिपलंय. खिचडी हा शब्द त्याने जवळजवळ तसाच उचलला आहे. रशियन पोथीत आपली खिचडी, आणि तीही घोड्याची! शिवाय तो सांगतो की या देशात व्यापारी धर्मशाळांसारख्या जागी उतरतात आणि तिथल्या बायका पाहुण्यांसाठी स्वयंपाक करतात.

ही शेवटची नोंद मला महत्त्वाची वाटते. तिच्याकडे पुन्हा येऊ.

आता शिवनेरी. या डोंगराच्या पोटात चित यवनाचा भोजनमंडप आहे आणि माथ्यावर अंबरखाना. अंबरखाना म्हणजे किल्ल्याचं धान्याचं कोठार. तिथेच गंगा-जमुना ही पाण्याची टाकी आहेत. एकाच डोंगरावर अन्नाकडे बघायच्या दोन तऱ्हा. कड्यात कोरलेली जागा आल्यागेल्याला वाढण्यासाठी, आणि माथ्यावरची इमारत वेढा पडला तर साठा टिकावा म्हणून. साठवणीला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवाजी महाराज या गडावर जन्मले आणि त्याच साली पाऊस दडी मारून बसला. गुजरात आणि दख्खनमध्ये १६३० ते ३२ असा भयंकर दुष्काळ पडला, गावंच्या गावं ओस पडली. गडाखाली तेव्हा काय चाललं असेल याची कल्पनाही करवत नाही. बाळाच्या पाळण्याचे देखावे आपण दरवर्षी करतो, पण त्या पाळण्याच्या आजूबाजूची भूक त्यात कुठेच नसते. पुढे शेतकऱ्याला बी-बियाणं, बैल द्या म्हणणारं राज्य उभं राहिलं, त्याची मुळं शोधताना हेही साल लक्षात ठेवायला हवं, असं आपलं मला वाटतं.

असो. फार गंभीर झालं. आता जरा आजच्या ताटाकडे वळू.

जुन्नरचा आठवड्याचा बाजार रविवारी भरतो. पूर्वेकडून बाजरी, कांदा, मठ-हुलगे येणार, पश्चिमेकडून तांदूळ, नाचणी आणि पावसाळ्यात रानभाज्या. दोन हवामानं एका रस्त्यावर शेजारी शेजारी मांडून बसलेली असतात. हुलग्याचं मला विशेष कौतुक. आंबेगावातून येणारी घोड नदी पुढे शिरूर तालुक्यात इनामगावला जाते. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या घरांत जव, गहू, मसूर यांच्याबरोबर हुलगाही सापडलाय. म्हणजे लेणी खोदायच्या कितीतरी आधी या खोऱ्यात हुलगा शिजत होता. आजही थंडीत शेंगोळे होतात. हुलग्याचं पीठ, लसूण, जिरं, हाताने वळलेली कडबोळी आणि त्यावर उकळता रस्सा. चित यवनाच्या वेळचं एखादं तोंडी लावणं आज आपल्या ताटात असेलच तर ते शेंगोळ्यांच्या जवळपासचं असेल. फक्त तेव्हा मिरची नव्हती, ती पोर्तुगीजांनंतर आली. तिखटपणाला मिरं, आलं, फार तर पिंपळी.

आणि मासवडी! जुन्नर-आंबेगावच्या माणसासमोर मासवडीचं नाव काढून बघा, डोळे कसे चमकतात ते. नाव मासवडी, पण पदार्थ शुद्ध शाकाहारी. माश्यासारखा आकार म्हणून हे नाव. पाणी तिखटमीठ घालून उकळायचं, त्यात बेसन वैरून घट्ट घाटायचं, गुठळी होता कामा नये. मग ओल्या फडक्यावर ते भराभर थापायचं, भाजलेले तीळ, सुकं खोबरं, खसखस, लसूण, मसाला यांचं सारण पसरायचं, आणि फडक्यानेच उचलून दुमडायचं. निवलं की वड्या पाडायच्या. सोबत झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी आणि कांदा. वाचायला सोपं वाटतं. पण बेसन गरम असेपर्यंतच थापता येतं, आणि तळहात चटके खातात. माझी आत्या म्हणायची, "ज्याच्या हाताला फोड नाही त्याला मासवडी येत नाही." ती पाहुणे आले की करायची, एकटीसाठी कधीच नाही. मासवडी हा पाहुण्याचाच पदार्थ. घरात मटण शिजत नसलं तरी पाहुण्याला मटणाच्या तोडीचं काहीतरी वाढलं पाहिजे, या जिद्दीतून हा प्रकार निघाला असावा असा माझा अंदाज.

यात्रांचं म्हणाल तर या तालुक्यात देवापेक्षा अन्नाचीच आठवण जास्त निघते. ओतूरला कपर्दिकेश्वराच्या देवळात श्रावणी सोमवारी कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात. सुटा तांदूळ, चिकटवायला काही नाही, आणि तरी पिंड उभी राहते. लोक दर्शनाला रांगा लावतात. याच ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. आळ्याला तर चक्क रेड्याची समाधी आहे, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले तो रेडा. ओझ्याच्या जनावराचीही समाधी बांधून तिथे यात्रा भरवणारं हे खोरं आहे!

आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे आणे गावची आमटी-भाकरी. आण्याच्या पठारावर रंगदास स्वामींची पुण्यतिथी हिवाळ्यात होते. प्रसाद म्हणजे पेढा-बर्फी नाही, आमटी आणि भाकरी. गावात मोठमोठ्या कढयांत आमटी रटरटत असते आणि भाकऱ्या येतात घराघरांतून, आसपासच्या गावांतून. हजारो माणसं जेवून जातात. आलेल्याला कोणी नाव-गाव विचारत नाही. कोरड्या पठारावरचा हा प्रकार आहे हे लक्षात घ्या. जिथे पाण्याची मारामार, तिथे आल्यागेल्याला पोटभर आमटी. त्या भागातल्या एका ओळखीच्या घरी मी विचारलं होतं, तुम्ही किती भाकऱ्या पाठवता? घरातली म्हातारी म्हणाली, "त्या मोजायच्या नसतात बाबा." भोजनमंडपाच्या पाटीखाली लिहिण्यासारखं वाक्य आहे हे.

पश्चिमेकडे गेलात तर चित्र वेगळं. आंबेगाव तालुक्याचा वरचा भाग आणि जुन्नरचा घाटमाथा हा महादेव कोळी आदिवासींचा मुलूख. इथलं ताट म्हणजे नाचणीची भाकरी, वरई किंवा भात, पावसाळ्यात भारंगी, कुर्डू, करटुली, ओढ्यातले खेकडे. रोख पैसा मिळतो तो हिरड्यातून. उन्हाळ्यात हिरडा गोळा करून वाळवायचा आणि विकायचा, त्यावर मीठ-मिरची, लग्नकार्य, शाळेचा खर्च. आयुर्वेदाच्या दुकानात आपण हिरडा विकत घेतो तेव्हा तो वेचणारे हात आपल्याला कुठे दिसतात? आणि तालुक्याला ज्याचं नाव आहे ते आंबेगाव तर डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचं कामकाज घोडेगावला. धरणाचं पाणी कालव्यांनी पूर्वेकडच्या शेतांना गेलं, तिथे ऊस, द्राक्षं, टोमॅटो उभे राहिले. नारायणगावचा टोमॅटो बाजार आज राज्यभर माहीत आहे. कुणाच्या चुली विझवून कुणाचे मळे फुलले, हा हिशोब कुठल्या शिलालेखात लिहिलेला नाही. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलंय, ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. नाव योग्यच. पण पाण्याखाली गेलेल्या घरांची नावं कोण लिहिणार?

आता मघाशी बाजूला ठेवलेल्या नोंदीकडे येऊ. निकितिन म्हणतो, बायका पाहुण्यांसाठी स्वयंपाक करत. त्यांतल्या एकीचंही नाव त्याने लिहिलेलं नाही. घोडा हिसकावणाऱ्या खानाचं नाव आहे, सोडवणाऱ्या खोजाचं आहे. दोन महिने ज्या कुणी त्याला जेवू घातलं, तिचं नाही. चितचं नाव दगडात आहे, पण त्याच्या मंडपात जे अन्न आलं ते रांधणाऱ्या हातांचं नाही. धान्याच्या श्रेणीचं नाव आहे, दळणाऱ्या बाईचं नाही. दोन हजार वर्षांचे लेख वाचा, पाट्या वाचा, पंखे वाचा. जागा देणारा सापडतो, वाढणारी सापडत नाही. आणि गंमत म्हणजे टिकलं काय? मंडप ओस आहे, तिथे वटवाघळं आणि पिकनिकवाले. श्रेणींचे व्याजाचे पैसे कधीच बुडाले. टिकला तो हुलगा, टिकलं ते आलेल्याला जेवू घालायचं वळण. म्हणजे जे कुठेच लिहिलं नव्हतं तेच नेमकं वाचलं.

पण ते आपोआप पुढेही वाचेल असं समजू नका. पूर्वी वाचलं कारण लोक थांबत होते. आता कोण थांबतं? अष्टविनायकाची गाडी दोन दिवसांत आठ गणपती उरकते. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढायच्या, घड्याळ बघत उतरायचं, ओझरला हार घालायचा आणि जेवायला हायवेवर, तिथे पनीर बटर मसाला आहेच. यात यात्रेकरूची चूक आहे असंही नाही. सुट्टी दोनच दिवसांची, सोबत म्हातारी माणसं. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, त्यानंतर मासवडीच्या पाट्या रस्त्यावर जरा जास्त दिसायला लागल्या, हे चांगलंच झालं. कितीतरी बायकांच्या हाताला त्यातून चार पैसे मिळतात. तरी हॉटेलातली मासवडी आणि घरची यांत एक फरक राहतोच. हॉटेलात ती पाहुण्याने मागितलेली असते, घरी पाहुण्याने न मागता आलेली.

म्हणून सांगतो, जाल तेव्हा एक रात्र थांबा. शक्यतो रविवार धरा. सकाळी बाजारात फिरा, हुलगे घ्या, हिरड्याचा भाव विचारा. मग लेण्याद्री चढा, आणि गणपतीच्या दर्शनानंतर त्या वीस खोल्यांपैकी एखादीच्या दाराशी पाच मिनिटं उभे राहून खालचं खोरं बघा. कुकडी नदी, समोर शिवनेरी, मागे सह्याद्री. पावसाळा असेल तर फारच उत्तम, कारण पावसात अडकल्याशिवाय जुन्नर कळत नाही.

आणि हे वाचणाऱ्या आमच्या सगळ्या मामे-चुलत-आतेभावंडांसाठी एक काम. आपल्या घरात मासवडी कोणी कोणाला शिकवली, ही साखळी लिहून काढा. आत्याला तिच्या सासूने शिकवली होती. त्या सासूला कोणी? तिचं माहेरचं नाव काय होतं? आमच्या पिढीत हे सांगू शकणारी दोनतीन माणसंच उरली आहेत, आणि त्यांनाही आता सगळं आठवत नाही. कृती नंतर लिहा, ती कुठेही मिळेल. आधी नावं लिहा.

दगड नसला तरी चालेल, वहीत लिहा.